रेडिओवर ऐकलेला रंग

माझं इंग्रजी बेसबॉलच्या कॉमेंटरीतून आलेलं आहे. कुणी विचारलं तर मी हे ताठ मानेने सांगते, कारण ते मी एकटीने, कुणाच्या मिनतवाऱ्या न करता कमावलंय. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. इंजिनिअरिंगची चार वर्षं मराठीत समजून घेतलं आणि इंग्रजीत पाठ केलं. कॅनडात ओटावाला आले तेव्हा कोड लिहिता येत होता, ईमेलही जमत होती. पण ऑफिसच्या किचनमध्ये कॉफीच्या मशीनपाशी उभं राहून चार वाक्यं बोलणं जमायचं नाही. मग मी कप भरून घ्यायची आणि काम आहे असं दाखवत सटकायची.

आम्ही घेतलेल्या जुन्या गाडीत फक्त रेडिओ चालायचा. घर शहराच्या एका टोकाला बारहेवनला, नोकरी दुसऱ्या टोकाला कनाटाला. बातम्या फार भरभर जायच्या, गाण्यांतलं काही कळायचं नाही. बेसबॉल मात्र माझ्या वेगाचा निघाला. चेंडू टाकणारा पिचर तो चोळत उभा राहतो, बॅटिंग करणारा हातमोजे सैल करून परत आवळतो, आणि तेवढ्या वेळात कॉमेंटरीतले दोन म्हातारे निवांत बोलत असतात. आजचं ऊन, कुणाचा गुडघा, कुणाचा स्वभाव. संध्याकाळी पोळ्या लाटताना मॅच आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत त्याच मॅचवर लोकांचे फोन. एप्रिल ते ऑक्टोबर, अशी तीन वर्षं.

मी वही केली होती. शाळेत आमच्या बाईंनी एक पद्धत लावली होती. नुसता शब्द आणि अर्थ लिहायचा नाही, तो शब्द कुणाबद्दल वापरला तेही पुढे लिहायचं, म्हणजे आपण तो भलत्या ठिकाणी लावत नाही. मी तसंच केलं. डावीकडे शब्द, उजवीकडे खेळाडू. ‘ग्रिटी’, म्हणजे जिगरीचा, चिवट. पुढे पहिल्या बेसवर खेळणाऱ्याचं आडनाव. ‘रॉ टॅलेंट’, म्हणजे अंगात आहे पण घडवलेलं नाही. पुढे शॉर्टस्टॉपचं आडनाव. बेस म्हणजे धावताना गाठायचे टप्पे, आणि शॉर्टस्टॉप म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे उभा राहणारा. आडनावं सगळी कानाने लिहिलेली, स्पेलिंग देवाला ठाऊक. आडनाव ऐकलं की माणसाचं अख्खं कूळ ओळखायची आपल्याला सवय, पण ती विद्या इथे कामाला येत नाही. दोघांचीही आडनावं मला सारखीच इंग्रजी वाटायची.

फोनवर त्यांचे फोटो बघावेत असं मला कधी वाटलंच नाही. माझ्यासाठी ती माणसं नव्हती, शब्दांची उदाहरणं होती.

आणि मी रेडिओच्या बाजूने असायची. एकदा शॉर्टस्टॉपने साधा चेंडू मारला, बाद होणार हे दिसत होतं, म्हणून तो पूर्ण जोर लावून धावला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अख्खा तास लोक फोन करून त्याला झोडपत होते. खेळाची कदर नाही, एवढे पैसे घेतो आणि धावत नाही. पुढच्याच आठवड्यात पहिल्या बेसवाल्याने तेच केलं. तेव्हा कॉमेंटेटर म्हणाला की मोसम लांबलचक आहे, शहाणा खेळाडू पाय जपतो. मी दोन्ही वाक्यं वहीत उतरवली. दोन्ही मला पटली.

“आळशी आहे मेला,” मी तव्यावर पोळी टाकता टाकता म्हणाले.

“कोण?” नवऱ्याने विचारलं.

“शॉर्टस्टॉप.”

“तू बघितलंस का त्याला कधी?”

“बघायला कशाला पाहिजे? सगळेच म्हणायलेत की.”

“मग बरोबर आहे,” तो म्हणाला. “सगळे म्हणायलेत म्हणजे झालंच.” तो टोमणा होता, मी तो हसण्यावारी नेला.

गेल्या वर्षी मला टीम लीड केलं. माझ्या हाताखाली सहा माणसं आली. त्यातली सगळ्यात हुशार मॉन्ट्रियलची, हैतीहून आलेल्या काळ्या आईबापांची मुलगी. माझ्याहून चार वर्षांनी लहान, कामात माझ्या दोन पावलं पुढे. मला ‘बॉस’ म्हणायची, तेही थोडं खेचल्यासारखं. बेसबॉल तिच्या रक्तात होता. लहानपणी बाप टॅक्सी लवकर बंद करून तिला मॅचला न्यायचा. दोन वर्षं ती सीनियरच्या बढतीसाठी थांबली होती. आधीच्या लीडने तिचं नाव एकदा मागे ठेवलं होतं. आमच्याकडे बढत्या वर्षातून एकदाच होतात, आणि त्या ठरतात लीडने लिहिलेल्या रिव्ह्यूवर. सगळे लीड एका खोलीत बसतात, एकमेकांचे रिव्ह्यू मोठ्याने वाचतात आणि तिथेच ठरवतात, कोण वर आणि कोण आहे तिथेच. या वेळी तिच्याबद्दल लिहिणार होते मी.

उन्हाळ्यात दोन गोष्टी घडल्या होत्या. एका मीटिंगमध्ये तिने आवाज चढवून सांगितलं की हे सॉफ्टवेअर या आठवड्यात सोडलं तर पडणार, आणि मी हे सांगितलंय असं मीटिंगच्या नोंदीत लिहा. सोडलं आणि ते पडलं. त्याच महिन्यात टीममधल्या दुसऱ्याने, ओटावा व्हॅलीतल्या गोऱ्या, भल्या मुलाने, त्याचं डिझाइन नाकारलं गेलं म्हणून हेडसेट टेबलावर आपटला आणि तो मीटिंग अर्धी टाकून निघून गेला. बढतीसाठी नावं दोघांचीही होती. रिव्ह्यू दोघांचेही मी लिहिले, एकाच रविवारी, डायनिंग टेबलावर बसून, एकही शब्द डिक्शनरीत न बघता. त्याच्याबद्दल लिहिलं की जिंकायची आग आहे, कामावर जीव आहे, टीमला बांधून ठेवणारा माणूस. तिच्याबद्दल लिहिलं की गुणवत्ता अफाट आहे पण कच्ची आहे, भावना आवरायला शिकली तर खूप पुढे जाईल.

मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. सोमवारी माझ्या बॉसची ईमेल आली. उंच, मृदू बोलणारा माणूस, नेहमी दार उघडून धरणारा. “फार सुंदर लिहिलंयस,” त्याने लिहिलं होतं. “वाचून वाटतच नाही की तू बाहेरून आली आहेस.” ती ईमेल मी आईला फोनवर मराठीत करून सांगितली. माय म्हणाली, “पोरी, नाव काढलंस.”

त्याच आठवड्यात मंगळवारी प्ले-ऑफची, म्हणजे मोसमाअखेरच्या बाद फेरीची मॅच दुपारीच होती. बॉसने कॅफेटेरियात मोठा टीव्ही लावला, पिझ्झा मागवला. मी तिच्या शेजारी बसले आणि खेळाडू मैदानात येताना बघू लागले. पहिल्यांदाच, तीन वर्षांनी.

मला सगळे ओळखू आले.

म्हणजे नाव पडद्यावर येण्याआधी. हा पहिल्या बेसवाला, गोरा, तांबूस दाढीचा. आहेच तो. हा शॉर्टस्टॉप, काळा, उंच, लांब पायांचा. आहेच. तो डावीकडे खेळणारा, ज्याला ‘नैसर्गिक देणगी’ म्हणायचे, तोही काळा. आणि तो मधला, ज्याच्याबद्दल ‘खेळाचा अभ्यास करतो’ असं लिहून घेतलं होतं, तो गोरा. मी मनात जे चेहरे रंगवले होते ते रंगासकट बरोबर निघाले. एक कॅचर, म्हणजे विकेटकीपरसारखा मागे बसणारा, तेवढा चुकला. त्याला ‘मैदानावरचा कोच’ म्हणायचे, म्हणून मी त्याला गोरा धरला होता, आणि मुखवटा काढल्यावर तो माझ्याहून सावळा निघाला. त्या एका चुकीने मला थोडा धीर आला, पण फार वेळ नाही. कारण रेडिओवर तीन वर्षांत रंगाबद्दल चकार शब्द कुणी काढला नव्हता. मग मला तो कळला कुठून?

शॉर्टस्टॉप एका साध्या चेंडूवर धावला. हाच तो आळशी. त्याचं एक पाऊल म्हणजे इतरांची दीड होती. तो पळत होता आणि पळताना त्याला त्रास होताना दिसत नव्हता, एवढंच.

चौथ्या इनिंगमध्ये पहिल्या बेसवाला बाद झाला आणि त्याने बॅट गुडघ्यावर मारून मोडली. सरळ दोन तुकडे.

“आता ऐक, बॉस,” ती माझ्या कानाशी म्हणाली. “जिंकायची आग.”

“या माणसात जिंकायची आग आहे,” कॉमेंटेटर म्हणाला.

मला हसू फुटलं. तिने पिझ्झाची कड मोडली, तोंडात टाकली.

“आता दुसरा म्हणणार, असा माणूस आपल्या टीममध्ये हवा.”

दुसऱ्याने अगदी तसंच म्हटलं. तिने टाळीसाठी हात पुढे केला, मी टाळी दिली.

“तुला कसं कळतं?”

“माझे पप्पा टॅक्सीत रेडिओ लावायचे. आम्ही दोघं पैज लावायचो, पुढचा शब्द काय येणार. जो चुकेल त्याने आइस्क्रीम द्यायचं.” ती थांबली. “पप्पा कधी चुकले नाहीत. मला वाटायचं त्यांना खेळ फार कळतो.”

सातव्या इनिंगमध्ये शॉर्टस्टॉपने होम रन मारला, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर. चेंडू किती लांब गेला ते दोन सेकंद उभा राहून बघितलं, बॅट हवेत हलकी भिरकावली आणि धावायला लागला. आम्ही पुढे गेलो होतो, आमचाच माणूस, आमचाच संघ. आधी टाळ्या झाल्या. मग माझ्या मागे बसलेला कुणीतरी म्हणाला, “मार की, पण नाच कशाला?” बॉस मान हलवून हसला, “जरा परिपक्वता यायला पाहिजे.”

ती या वेळी नुसती टीव्हीकडे बघत राहिली. कॉमेंटेटर म्हणाला, “अफाट गुणवत्ता. भावना आवरायला शिकला तर—”

पुढचं मला ऐकू आलं नाही. ते वाक्य माझं होतं. परवा रविवारी मी ते तिच्यावर लिहून सही करून पाठवलं होतं, आणि ती माझ्या खांद्याला खांदा लावून बसली होती.

“पैज लावली असती तर मी जिंकले असते,” ती हळूच म्हणाली. मग तिच्या फ्रेंचमध्ये ‘बॉन’, म्हणजे ठीक, असं म्हणत उठली. “चल, काम आहे.”

घरी येऊन वही काढली आणि उजवी बाजू झाकून डावी वाचली, मग डावी झाकून उजवी. दहा मिनिटांत कळायचं ते कळलं. बाईंची पद्धत चोख होती. एकही शब्द मी भलत्या ठिकाणी लावला नव्हता.

मला बसवेना. भाजी लागली. नवऱ्याने गॅस बंद केला आणि विचारलं काय झालं. सांगितलं.

“मग बदल ना रिव्ह्यूचा फॉर्म.”

“लॉक झालाय.”

“मग मीटिंगमध्ये सांग, जमेल तेवढं. पण एक ध्यानात ठेव, तुला लीड होऊन वर्ष झालं नाही. उगं आपल्या पायावर धोंडा पाडून घेऊ नकोस.”

“माझं काय जातंय?”

“तुझं काय जातंय ते तुला परवा कळेल.”

त्याचं चुकत नव्हतं. पण मला माझे वडील आठवत होते. ते वीज मंडळात लाइनमन. एकदा पावसात कमरेचा पट्टा नसताना खांबावर चढायला त्यांनी नकार दिला. साहेबाने फाइलला शेरा मारला, ‘उर्मट’. त्याच साहेबाच्या हाताखाली गावातल्या वजनदार घरातला एक लाइनमन होता, तो रोज साहेबाला उलट बोलायचा. त्याला साहेब ‘बाणेदार’ म्हणायचा, कौतुकाने, चहा पाजून. वडिलांची बढती पाच वर्षं अडली. ते घरी येऊन एवढंच म्हणायचे, “लिहिणारा लिहून मोकळा होतो.” मी शिकले ती त्या शेऱ्याच्या रागावर. शिकून काय केलं, तर साहेबाच्या खुर्चीत बसले आणि तोच शेरा लिहिला, चांगल्या इंग्रजीत.

गुरुवारी मीटिंग झाली. आठ लीड, बॉस, आणि नोंद घेणारी एचआरची बाई. त्या मुलाचा रिव्ह्यू वाचला गेला, दोन मिनिटांत मंजूर. मग तिचा. बॉसने माझं वाक्य मोठ्याने वाचलं आणि चष्मा काढून म्हणाला, “मला वाटतं हे प्रामाणिक आणि समतोल आहे. अजून एक वर्ष देऊ या.”

“ते चूक आहे,” मी म्हणाले.

“काय चूक?”

“मी लिहिलं ते. हेडसेट त्याने आपटला. मीटिंग सोडून तो गेला. त्याचं मी ‘आग’ लिहिलं. ती जागेवर बसून खरं बोलली, आणि तिला मी ‘भावना आवर’ म्हटलं.”

खोलीत खुर्च्या करकरल्या. एक लीड, माझ्याच वयाचा, म्हणाला, “आपण आता हे रंगावर नेतोय का?”

“मंगळवारच्या मॅचमध्ये बॅट कुणी मोडली?” मी विचारलं.

“त्याचा काय संबंध?”

“कुणी मोडली?”

त्याने नाव सांगितलं.

“आणि परिपक्वता कुणाला यायला पाहिजे होती?”

बॉसचे कान लाल झाले. तो वाईट माणूस नाही, मी हे तेव्हाही म्हटलं असतं. तो मृदूपणे म्हणाला की तो फक्त खेळ आहे, आणि इथे आपण कामाबद्दल बोलतोय. मी म्हणाले की मला काम कसं तोलायचं हे त्या खेळाच्या रेडिओनेच शिकवलं. हे वाक्य तोंडातून निघाल्यावर मला कळलं की आता माझ्या प्रत्येक रिव्ह्यूवर लोक शंका घेणार. नवरा म्हणाला होता, परवा कळेल. कळलं.

एचआरच्या बाईने नियम सांगितला. लिहिलेलं धरतात, बोललेलं नाही. बढती या वर्षी नाही. कर्मचाऱ्याला निकाल मान्य नसेल तर दहा दिवसांत तो लेखी अर्ज करू शकतो. आणि या खोलीतलं बोलणं या खोलीतच राहतं.

म्हणजे तिला फक्त निकाल कळणार होता. कारण कळणार नव्हतं, आणि ते शब्द कुणाचे हेही नाही. तिच्या डोक्यात मी ती लीड राहिले असते जिने टाळी दिली.

शुक्रवार गेला. शनिवार-रविवार मी घरभर फिरत राहिले, कपाटं आवरली, गळलेली पानं ओढायला म्हणून अंगणात गेले आणि दाताळं हातात धरून उभी राहिले. “मीटिंगमध्ये बोललीस ना,” नवरा म्हणाला, “सुटलीस.” मी सुटले नव्हते.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत तिला पार्किंगजवळच्या बाकावर घेऊन गेले. वारा बोचत होता, तिने हुड वर ओढला होता. मी सगळं सांगितलं. वाक्य शब्दाला शब्द म्हणून दाखवलं.

ती म्हणाली, “मंगळवारी मी ते वाक्य ऐकत होते तेव्हा तुला माहीत होतं?”

“तेव्हाच कळलं.”

“आणि त्याआधी? लिहिताना?”

“लिहिताना मला वाटलं मी चांगलं इंग्रजी लिहितेय.”

ती हसली, पण ते हसणं मला आवडलं नाही. “तुला काय हवंय माझ्याकडून? माफी?”

“नाही. अर्जाला दहा दिवस आहेत. त्यातले चार गेले.”

“अर्जात मी काय लिहू? की माझ्या बॉसने मला बाकावर सांगितलं?”

“मी लिहून देते. माझ्या सहीने.”

“तुला त्रास होईल.”

“होईल.”

तिने बॅगेतून लॅपटॉप काढला आणि माझ्या मांडीवर ठेवला. “लिही मग. इथेच. घरी गेलीस तर विचार बदलेल.”

मी गारठलेल्या बोटांनी टाइप करत होते आणि ती शेजारी बसून वाचत होती. काय घडलं, कुणी काय केलं, मी काय लिहिलं. शेवटी मी लिहिलं, ‘माझ्याकडून नकळत अन्याय झाला.’

“‘नकळत’ काढ,” ती म्हणाली.

“पण ते खरं आहे. मला खरंच—”

“असेल. ते तुझं आहे. तुझ्या नवऱ्याला सांग, तुझ्या देवाला सांग. माझ्या अर्जात नको. हा शब्द वाचला की ते तुला समजून घेतील, आणि मग मी परत तिथेच.”

मी वाद घातला. लाज वाटते, पण घातला, त्या एका शब्दासाठी पाच मिनिटं. माझी सगळी अब्रू जणू त्याच्यात अडकली होती. ती वाट बघत बसली, घड्याळ न बघता. मग मी तो शब्द काढला आणि ती म्हणाली तसं माझ्या ईमेलवरून तिला पाठवलं. माझ्यासमोर तिने आपल्या इनबॉक्समध्ये ते आल्याची खात्री केली, लॅपटॉप मिटला आणि “मेरसी”, म्हणजे थँक्यू, एवढंच म्हणून आत गेली. ‘बॉस’ म्हणाली नाही.

तीन आठवड्यांनी तिची बढती झाली. त्याच दिवशी तिने दुसऱ्या टीममध्ये बदली मागितली आणि ती मिळाली. मला बॉसने बोलावून सांगितलं की पुढच्या वर्षी माझे रिव्ह्यू आधी दुसरा लीड वाचेल. मी म्हणाले वाचू दे, आणि ते मी मनापासून म्हणाले, पण बाहेर आल्यावर डेस्कवर जायच्या आधी थोडा वेळ जिन्यात बसले.

आता ती वरच्या मजल्यावर बसते. लिफ्टमध्ये भेटली की “हाय” म्हणते, मीही म्हणते. परवा तिने विचारलं की नव्या रिलीजचं कसं चाललंय. मी सांगितलं की पडेल असं वाटतंय. “मग मोठ्याने सांग,” ती म्हणाली, आणि तिचा मजला आला.